मशीनचं बेसिन

सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. बारा वर्षं झाली. त्याआधी माझी जीभ फार चालायची. एका सकाळी ह्यांना नको ते बोलले, तेही ते दारात चपला घालत असताना. ते तसेच कामावर गेले आणि घरी आले ते चौघांनी उचलून. त्या दिवशी देवाला शब्द दिला. तेव्हापासून दहापर्यंत तोंडात फक्त नाम, आणि हातात शिवण.

घराचं रूप पालटायचं ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, हल्ली असा पसारा कोणी ठेवत नाही. सगळं आत. बाहेर काही दिसता कामा नये."

"मीसुद्धा?"

"तू पण ना!" तो हसला. सूनही हसली, पण जरा उशिरा.

डिझायनर बाई एका दुपारी आल्या. त्यांनी पडद्यावर आमचंच घर दाखवलं. भिंती साबणाच्या जुन्या वडीसारख्या फिकट, टीव्हीमागे उभ्या लाकडी पट्ट्या, दिवे छतात लपलेले, कपाटांना मुठीच नाहीत.

"मग उघडायचं कसं?"

"नुसतं बोट लावायचं, काकू."

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

मग त्या माझ्या खोलीत आल्या आणि खिडकीजवळचं पायाने चालवायचं शिवणाचं मशीन बघून ओरडल्याच, "अय्या, कसला पीस आहे हा! सध्या सगळ्यांना हेच हवंय. वरचं काढून टाकायचं, खालच्या लोखंडी सांगाड्यावर दगडी फळी आणि त्यावर गोल बेसिन. जेवणाच्या टेबलाशेजारी. घराला कशी एक गोष्ट मिळते."

"ते चालू आहे," मी म्हणाले. "रोज शिवते मी. शेजारच्यांच्या पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या."

"आई, तुम्हाला विजेवरचं नवीन घेऊन देऊ की," सून म्हणाली. "पाय तरी दुखणार नाहीत."

"पाय माझे आहेत. मशीन द्यायचं नाही."

"बरं बाई, नाही तर नाही," मुलगा म्हणाला. मला वाटलं, विषय मिटला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शेजारच्या नर्सबाईंचा गणवेश सुईखाली होता, चेन अर्धी बसली होती. दारात सुतार उभा राहिला, हातात पाना. मागे सून. मुलगा लवकर बाहेर पडला होता. नऊ वीस झाले होते.

"आई, मशीन नेतायत हं. नको असेल तर आत्ताच सांगा, मागाहून तक्रार नको."

मी मान हलवली. दोन्ही हात मशीनवर पसरले.

सुतार थबकला. "मावशी नको म्हणताहेत वाटतं."

"त्या दहापर्यंत अशाच खुणा करतात. कोणाला काही कळत नाही. तुम्ही उचला."

एक शब्द पुरला असता. जिभेच्या टोकावर आला होता. पण त्याच्या मागे ती दारातली सकाळ उभी होती. सुनेने माझे हात बाजूला केले, अगदी हलकेच, आजारी माणसाचे करावेत तसे. गणवेश ओढून माझ्या मांडीवर ठेवला. दोरा ताणला गेला आणि तुटला.

दहा वाजता मी "कुठे नेलं?" म्हणाले, तेव्हा टेम्पो केव्हाच गेला होता.

"अगं, मग एक शब्द बोलायचास ना!" संध्याकाळी मुलगा म्हणाला. "देव काय रागावणार होता?"

तीन आठवडे मी सुनेला मनातल्या मनात बोल लावले. नाम घेतानाही तीच समोर यायची. नर्सबाईंची चेन मी हाताने बसवली, वाकडीच बसली.

मग सुतार बेसिन बसवायला आला. माझ्याकडे बघेना. "पायडल पक्कं जाम करून टाकलंय," म्हणाला, "उगाच कोणाचा पाय अडकायला नको." हत्यारं आवरता आवरता पुटपुटला, "मावशी, मी त्या दिवशी दुपारी येतो म्हणत होतो. साहेबच म्हणाले, नऊला या, दहाच्या आत उरका."

मी त्याला पाणी दिलं. घरात कोणाला काही बोलले नाही.

घर तयार झाल्यावर डिझायनर बाई कॅमेरा घेऊन आल्या, सकाळी साडेनऊला. म्हणे उजेड तेव्हा छान असतो. "काकू, इथे बेसिनशी उभ्या राहा आणि मशीनबद्दल दोन शब्द सांगा. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं असल्या गोष्टींनी."

"आई दहापर्यंत बोलत नाही," मुलगा कौतुकाने म्हणाला. "व्रत आहे तिचं."

"हो? किती गोड! मग थांबू की. अर्धा तास तर आहे."

आणि थांबले सगळे. सुनेने कॉफी केली. मुलाने ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं. माझा मान राखायचा म्हणून आपसातही हळू आवाजात बोलत होते.

दहा वाजले. कॅमेऱ्यावर लाल ठिपका लागला.

"हं, बोल आई."

"सुताराला नऊची वेळ तू दिली होतीस ना?"

सुनेने कपात पाहिलं. मुलाने नळाकडे, मग खिडकीकडे, मग घड्याळाकडे.

"आई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "कॅमेरा चालू आहे."

"काही हरकत नाही," डिझायनर बाई म्हणाल्या. "एवढं कापता येतं. काकू, पुन्हा एकदा, पहिल्यापासून?"

मी मान हलवली. या वेळी सगळ्यांना कळलं.