ताईला बसवून ठेवण्याचं काम

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” असं म्हणत मामांनी ताईंच्या खुर्चीचं तोंड परसाकडून घराच्या भिंतीकडे फिरवलं. खुर्चीत ताई बसलेल्या होत्या. त्यामुळे मामांच्या कमरेत एक सणसणीत कळ आली, पण ती त्यांनी चेहऱ्यावर उमटू दिली नाही.

“अरे, मला भिंत काय दाखवतोयस?”

“ऊन येतंय तुझ्या तोंडावर.”

“ऊन केव्हाच गेलं.”

“गेलेलं ऊनच जास्त बाधतं. विचार की कंपाउंडरना, समोर तर बसलेत.”

व्हरांड्याच्या बाकावर बसलेल्या कंपाउंडरांनी होकारार्थी मान हलवली. दवाखाना सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीला त्यांचं दुसरं नाव माहीत नव्हतं. शेजारी शिवणकाकू बसल्या होत्या. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि उरलेल्या निम्म्या बायका म्हणूनच त्यांच्याशी जपून वागत. या दोघांना मामांनी मुद्दाम लवकर बोलावलं होतं. समोर ऐकणारं कुणी नसलं की त्यांना थापा सुचत नसत.

आणि आज थापा सुचणं भाग होतं. आज ताईंची सत्तरी होती.

ताई म्हणजे मामांची सख्खी थोरली बहीण. त्यांच्या घरामागच्या परसात आठ खांबांची लाकडी छत्री उभी होती. नातवंडं तिला गझिबो म्हणत, ताई छत्रीच म्हणत. गल्लीतला वाढदिवस असो, लग्न असो, कुणाला नोकरी लागलेली असो की कुणाची नोकरी संपलेली असो, समारंभ त्या छत्रीखाली व्हायचा आणि सजावट ताई करायच्या. चार जुन्या चादरी, सुतळीचा गुंडा आणि परसातला पाला एवढ्यावर त्या असं काही उभं करत की फाटकातून आत येणारा माणूस पाऊल टाकायच्या आधी आपोआप शर्टाची कॉलर नीट करायचा. घरून भांडून आलेली नवरा-बायको छत्रीखाली शिरली की एकमेकांना ताट आणून देत. हे मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे हे सांगताना ते काही वाढवत नसत.

ताईंचा एकच दोष. दुसऱ्याच्या हातची गाठ त्यांना बघवत नसे. मागच्या वर्षी नातवाच्या वाढदिवसाला सूनबाईने हौसेने कागदी कंदील टांगले. ताई म्हणाल्या, “छान झालंय गं!” आणि चहा होईस्तोवर त्यांनी एकेक कंदील सोडून पुन्हा बांधला. पुन्हा बांधलेले कंदील जास्त चांगले दिसत होते, खरी पंचाईत ती होती.  त्यानंतर छत्रीखाली कुठलंही काम निघालं की सूनबाईला स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं.

आज मात्र तिने स्वतःहून छत्री मागून घेतली होती. सकाळी मामांना स्वयंपाकघरात गाठून ती हळूच म्हणाली होती, “मामा, पाहुणे येईपर्यंत आईंना तिकडे फिरकू देऊ नका. चांगलं होवो, वाईट होवो, पण माझं होऊ दे. आज हे झालं नाही ना, तर यापुढे मी त्या छत्रीखाली पाहुणी म्हणूनच जाईन.”

मामांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. मग तिने त्यांना अंधाऱ्या कोठीच्या खोलीत नेलं आणि एका चाळणीत ठेवलेला दिवा लावून दाखवला. मामांच्या शर्टावर, भिंतीवर, तांदळाच्या डब्यावर प्रकाशाचे ठिपके पसरले. चाळणी जरा हलली की सगळी खोली हलायची. अशा चाळण्या, झारे, किसण्या तिने दारोदार हिंडून मागून आणल्या होत्या. त्या सगळ्या छत्रीच्या आढ्याला टांगायच्या, प्रत्येकीत एक दिवा सोडायचा आणि संध्याकाळी ताईंना त्या उजेडाखाली आणून बसवायचं. मामा त्या खोलीत नुसते बघत उभे राहिले. वाढवून सांगायला त्यांना काहीच जागा सापडली नाही.

आयुष्यभर त्यांनी कंडक्टरकी केली होती. उभ्या माणसांना पुढे सरकवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बसलेल्या माणसाला बसवून ठेवण्याचं काम मात्र नवीन होतं.

“तर आपल्या गल्लीतल्या घड्याळजीच्या लग्नाचा दिवस,” मामांनी स्वतःची खुर्ची ताई आणि परसाचं दार यांच्या बरोबर मधे टाकली. “छत्रीवर पांढरं कापड चढवायचं चाललेलं. ताई स्टुलावर. तोंडात सुई, हातात झालर. आणि आला वारा.”

“कुठून?” कंपाउंडरांनी विचारलं.

“वारा काय पत्ता सांगून येतो? आला, कापडात शिरला, कापड टम्म फुगलं आणि उठलं की वर! ताई कापडाला धरून. स्टूल तेवढं खाली.”

“अगंबाई!” शिवणकाकू म्हणाल्या.

“मला नाही हो यातलं काही आठवत,” ताई म्हणाल्या.

“तुला कसं आठवेल? तू कामात होतीस. एवढी वर गेलीस, पण सोडलीस का सुई? नाव नको! टाका घालत घालत पाण्याच्या टाकीवरून गेलीस, शाळेवरून गेलीस. कापडाची सावली पडली तर हेडमास्तरांना वाटलं ग्रहण लागलं, त्यांनी शाळा सोडून दिली. ती पोरं आता आजोबा झालीत, पण अजून तुझं नाव काढतात.”

परसातून काहीतरी घासल्याचा आवाज आला. ताईंची मान ताठ झाली.

“शिडी मातीत उभी केलीय. रुतेल. फरशीवर घ्यायला सांग.”

“शिडी कुठली? मांजर आहे.”

“मांजर एवढं घासत चालतं?”

“म्हातारं झालंय बिचारं.”

ताईंनी मामांकडे तिरका कटाक्ष टाकला. लहानपणापासून त्या त्यांना थाप्या म्हणत आणि ते नाव त्यांनी विचार करूनच ठेवलेलं होतं. मामांनी घाईघाईने कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडर समजूतदार माणूस, त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला.

“मग खाली कशा आल्या या?”

“इथंच तर गंमत आहे! दोऱ्याचं एक टोक ताईच्या सुईत आणि रीळ घड्याळजीच्या खिशात. नवरदेव भर मांडवात उभा राहून ताईला पतंगासारखं उडवतोय. पाहुणे ओरडताहेत, ढील दे, ढील दे! नवरी म्हणतेय, अहो, ओढा आता, जेवणं खोळंबलीत.”

“एवढ्याशा दोऱ्याने माणूस ओढला जातो होय?” कंपाउंडरांना राहवलं नाही.

“कुठला दोरा होता?” शिवणकाकूंनी गंभीरपणे विचारलं.

“गादी शिवायचा.”

“मग जाईल ओढला,” काकूंनी निर्वाळा दिला.

ताईंना हसू आलं आणि मामांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच परसात टण्णकन काहीतरी वाजलं. ताईंचं हसू जागच्या जागी थांबलं.

“ही माझी चाळणी.”

“काहीतरीच! आवाजावरून कुणी चाळणी ओळखतं?”

“मी ओळखते. कडेला पोचा आहे तिला. अरे, पण छत्रीखाली चाळणी कशाला नेलीय तिने?”

“पाहुणे जास्त झालेत. चाळून घेणार आहे.”

शिवणकाकूंनी पदर तोंडाला लावला. ताई मात्र खुर्चीच्या हातावर जोर देऊन अर्ध्या उठल्या होत्या.

“मी नुसती बघून येते. हात लावत नाही कशाला.”

“अगं, थांब! उठतेस काय? अजून हवेत आहेस तू!”

हे मामा इतक्या कळवळून म्हणाले की ताई खरोखरच पुन्हा टेकल्या.

“मग उतरव लवकर,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळ व्हायला आली.”

मामांनी त्यांना उतरवायला घेतलं, पण सरळ कसं उतरवतील? आधी घड्याळजीच्या रिळाचा गुंता झाला. मग एका करकोच्याने झालरीचा रंग चुकलाय म्हणून ताईंशी हुज्जत घातली. ताईंनी त्याला झालरीचं दुसरं टोक चोचीत धरायला लावलं, तेव्हा कुठे तो गप्प बसला. “चोच उघडली की झालर पडणार, म्हणून बोलता येईना. कंपाउंडर, मी पुष्कळ माणसं पाहिली, पण ताईने कामाला लावला नाही असा जिवंत प्राणी मी पाहिलेला नाही.” हे शेवटचं वाक्य थाप नव्हती. कंपाउंडरांनीही ती मानली नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नात ताईंनी त्यांच्या व्याह्यांना पताका कापायला बसवलं होतं आणि ते व्याही आजही हे कौतुकाने सांगत.

करकोचा झालर घेऊन छपरापर्यंत आला असेल नसेल, तेवढ्यात परसात सगळं कोसळलं.

आधी शिडीची कुरकुर झाली, मग कुणीतरी “अहो धरा, धरा!” म्हणालं, आणि मग गल्लीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या चाळण्या, झारे, किसण्या एकदम फरशीवर आल्या. शेवटी एक चाळणी गोल गोल फिरत राहिली, तिचा आवाज बारीक होत होत थांबला. नंतर काहीच ऐकू आलं नाही.

आणि त्या शांततेत, अगदी हळू, कुणीतरी नाक ओढलं. तोंडावर हात दाबून धरल्यावर जसा येतो तसा एक आवाज आला.

व्हरांड्यात कुणी कुणाकडे बघेना. ताईंची बोटं खुर्चीच्या हातांवर घट्ट आवळलेली होती. सांधे पांढरे पडले होते. त्या आता उठणार, हे मामांना दिसत होतं. उठतील, परसात जातील, एक शब्द वावगा न बोलता पदर खोचतील, आणि पाहुणे येईपर्यंत सगळं पुन्हा उभं करतील. सुंदरच करतील. पाहुणे कॉलरी नीट करत आत येतील. आणि सूनबाई स्वयंपाकघरात जाईल, ती कायमची.

 करकोचा कुठे गेला, घड्याळजी कुठे गेला, मामांना काही आठवेना. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तरी ते बोलायला लागले, आणि परसापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने बोलायला लागले.

“हे सगळं सोडा हो! खरा चमत्कार सांगायचा तर ताईच्या पहिल्या समारंभाचा. ती नवी नवी या घरात आलेली. मी शिकायला इथेच राहायला होतो, दोरी धरायला मीच होतो. तिने पहिल्यांदा छत्री हातात घेतली आणि काय सांगू! एक गाठ सुटली नाही, एक माळ हलली नाही. पहिल्याच फटक्यात असं देखणं काम की बघणारे गार. हात लागतो त्याला, जन्मजात. असला तर असतो, नसला तर नसतो.”

ताई वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या. टाकीवरून उडवलं, शाळेवरून नेलं, करकोच्याशी भांडायला लावलं, तरी त्यांनी फारशी हरकत घेतली नव्हती. आता मात्र त्यांच्या कपाळावर आठी चढली.

“खोटं!”

एवढ्या मोठ्याने की कंपाउंडर दचकले. मामांनी एरवी वाद घातला असता. आज त्यांनी ओठ मिटून घेतले.

“साफ खोटं बोलतोय हा!” ताई बोलत मामांशी होत्या, पण मान त्यांनी परसाच्या बाजूला वळवली होती. “पहिल्या वेळी सगळंच्या सगळं कोसळलं होतं. कापड, माळा, वरची काठीसुद्धा. आणि पाहुणे फाटकात उभे! हा थाप्या त्या कापडाखाली सापडला होता, आणि रात्र झाली, रात्र झाली म्हणून भोकाड पसरून रडत होता. ओढून काढायलासुद्धा कुणाला सापडेना.”

परसातलं नाक ओढणं थांबलं.

“मी टाकीमागे जाऊन रडले. पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि परत बांधायला घेतलं. पाहुणे थांबतात. काही होत नाही पाहुण्यांना. गप्पा मारत उभे राहतात.”

“आणि तुमच्या सासूबाई?” शिवणकाकूंनी हळूच विचारलं.

ताईंनी खुर्चीच्या हातांवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. आवाज खाली आला. आता तो व्हरांड्यापुरताच होता.

“इथेच बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या, पण उठल्या नाहीत. किती वर्षं मी ते मनात धरून होते. त्या का उठल्या नाहीत, ते आज कळतंय.”