पहिला पेला फिरता

आमचे हे, म्हणजे दत्तात्रय वकील, पाणी वरून पितात. तांब्या असो, पेला असो, नाहीतर प्लास्टिकची बाटली, ओठाला लावायची नाही. धारवाडच्या त्यांच्या घरात सगळेच तसे. लग्नानंतर मीही शिकले, दोनतीन साड्या भिजवून. चहाचा कप तेवढा अपवाद, पण तोही ज्याचा त्याचा. नवं लग्न होतं तेव्हा सुभाष रोडवर मी माझ्या ग्लासातला उसाचा रस लाडानं पुढे केला होता. हे म्हणाले, "उष्टं आहे ना ते." रस मी एकटीनंच संपवला. राग मात्र अजून आहे.

सांगलीहून इथं आल्यापासून माझ्याशी पोट धरून हसलेली पहिली बाई म्हणजे भाग्यलक्ष्मी. मी शिकवायचे त्याच शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि रोज हुबळीहून बसनं यायची. तिचा नवरा यशवंत द्राक्षबागायतदारांना सल्ला देत हिंडायचा. महिन्यातून एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे वाइनची हौस असलेली दोनचार माणसं जमत. "या की अक्का, वकीलसाहेबांनाही आणा," ती म्हणाली. दोन हजार आठचा हिवाळा होता. ह्यांना वाइन म्हणजे गोव्याहून कुणीतरी आणलेली गोड पोर्ट, तीही खोकल्यावर औषध म्हणून ठाऊक. तरी आले. इथं मला आपलं म्हणावं असं एकही घर नाही, हे त्यांना कळत होतं. बोलत नसत, एवढंच.

"बर्री, बर्री," म्हणत यशवंतनं दार उघडलं. हुबळीतले भांड्यांचे व्यापारी प्रभंजनअण्णा आधीच गिरमिटाची, म्हणजे इकडच्या तिखट चुरमुऱ्यांची, बशी घेऊन बसले होते. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बाटल्या होत्या. नाव आधी वाचलं की जीभ खोटं बोलते, असं यशवंतचं म्हणणं.

"आणि एकच नियम," तो म्हणाला. "नवी बाटली उघडली की पहिला पेला फिरता. एकच पेला, सगळ्यांनी त्यातनंच घोट घ्यायचा. मग ज्याचा त्याचा ग्लास."

"का ते सांग की," प्रभंजनअण्णा म्हणाले.

यशवंत हसत म्हणाला, "आमच्या गावच्या शाळेत मास्तर आम्हा चार पोरांना पाणी वरनं ओतायचे. ओंजळीत. माठाला हात लावायचा नाही. म्हणून माझ्या घरात पहिला पेला सगळ्यांचा."

हे टेबलाच्या पलीकडे बसलेले, मान तिरकी करून बाटलीवरच्या वर्तमानपत्रातली बातमी वाचत होते. ऐकलं की नाही, कोण जाणे. मी खाकरले, डोळे मोठे केले, पायानं पाय शोधला तर प्रभंजनअण्णांचा सापडला. एवढ्यात यशवंतनं बूच काढलं, पेला भरला, स्वतः घोट घेतला आणि तो पाहुणे म्हणून ह्यांच्याच हातात दिला.

ह्यांनी मान मागे टाकली. पेला वीतभर उंच धरला. आणि ओतला.

रुंद तोंडाचा पेला तो. अर्धी वाइन तोंडात, उरलेली नाकात आणि पांढऱ्या शर्टावर. हे खोकत सुटले. कुणी हसलं नाही. प्रभंजनअण्णांचं चावणंही थांबलं.

"वरनंच?" यशवंतनं हळू विचारलं.

"सवय आहे हो. घरी हिच्या पेल्यातलंसुद्धा मी पीत नाही."

"सगळे असंच म्हणतात, वकीलसाहेब."

भाग्यलक्ष्मीनं माझ्याकडे पाहिलं. चिडली असती तर बरं वाटलं असतं. कॉपी करताना सापडलेल्या मुलीकडे ती जशी बघायची, तशी बघत होती. मग ती उठून बशा गोळा करायला लागली. हे खरंच बोलत होते, पण त्या खरेपणाचं यशवंतनं काय करायचं? लहानपणी ओंजळीत पडली ती धारही कुणाची तरी सवयच असणार. हे घर गेलं, मला कळलं. उद्या शाळेत ती मला अक्का न म्हणता बाई म्हणेल.

कोर्टात कधी शब्द न अडलेल्या माझ्या नवऱ्यानं खिसे चाचपले. मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि पेला यशवंतपुढे सरकवला.

"पुन्हा भरा. आधी तुम्ही घ्या."

यशवंतनं बाटली उचलली. पेला भरला, सावकाश घोट घेतला. काचेवर ओठांचा ठसा राहिला. हे पेला घेऊन बसले. लहानपणापासूनची किळस मत बदलून जात नाही. पेला फिरवून कोरी बाजू शोधली असती, तर मीच उठून चालती झाले असते.

फिरवला नाही. ठसा होता तिथंच ओठ टेकवले. आणि टेकवताना नाक पेल्यात गेलं, तसे हे थबकले.

"जांभूळ," ते म्हणाले. पुन्हा वास घेतला. "जांभूळ, आणि दौतीतली शाई."

"शाई?" यशवंतनं पेला ओढून घेतला, हुंगला. "आहे की रे, प्रभंजन! दोन घोट घेऊनही मला सापडली नव्हती!"

त्यानं कागद फाडला. विजापूरकडच्या कुठल्याशा मळ्याची बाटली, नाव आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. भाग्यलक्ष्मीनं बशा खाली ठेवल्या आणि पेला माझ्याकडे सरकवला. "कुडीरी, अक्का," ती म्हणाली. मी प्यायले. चव काही कळली नाही, डोळे भरून आले होते.

परतीच्या बसमध्ये मी बाटली मुद्दाम तोंडाला लावून पाणी प्यायले आणि ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी सवयीनं ती उंच केली.

"यशवंतचं चाललं," मी म्हणाले.

"तिथं गोष्ट वेगळी होती. त्या माणसाचा अपमान झाला असता."

"आणि माझा?"

अमरगोळचा थांबा मागे पडला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो उसाचा रस आठवला. वळून बघितलं तर ह्यांनी बाटली खाली आणली होती. आधी तिच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला, मग ओठ लावले.

"कसली चव आहे?" मी विचारलं.

"प्लास्टिकची," ते म्हणाले आणि अजून एक घोट घेतला.