चौथ्या महिन्यातलं वरण

मांबलमच्या डासांबद्दल मला कुणी काही विचारूच नये. अठ्ठावन्न साली ह्यांची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून थेट मद्रासला येऊन पडलो. भाड्याच्या मानानं वेस्ट मांबलम बरं, म्हणून तिथं एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. आल्या आल्या दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत ज्यानं त्यानं मला एकच बजावलं, पाय सांभाळा. इथला डास चावला की हत्तीपाय होतो. आमच्या रस्त्यावरच तशी चारपाच माणसं होती. रोज निजण्याआधी मी माझी दोन्ही पावलं दाबदाबून बघायची. ह्यांना हसायला काय जातंय!

खाली घरमालक राहायचे. तंजावरकडचे देशस्थ. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे, पण ती अशी, की कुणी पोथी वाचतंय की काय असं वाटावं, आणि मध्येच धाडकन तमिळ. घराच्या मालकीण अलमेलूबाई. सगळा रस्ता त्यांना अम्मा म्हणायचा, म्हणून मीही अम्माच म्हणायची. त्यांचा मुलगा गुरुराज रेल्वेच्या ऑफिसात होता आणि त्याची बायको कनका माझ्याहून थोडी लहान. कनकाशी माझं पहिल्याच आठवड्यात सूत जुळलं. अम्मांची मात्र मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? वाळत घातलेल्या त्यांच्या सोवळ्याच्या लुगड्याजवळून मी नुसती गेले तरी त्यांची मान वळायची.

आणि चातुर्मास तर विचारू नका. आमच्याकडे कांदा-वांगं सोडलं की झाला चातुर्मास. अम्मांकडे पहिला महिना भाजी बंद, दुसरा महिना दही-ताक बंद, तिसरा महिना दूध बंद आणि चौथा महिना डाळ बंद. डाळ म्हणजे कडधान्यासकट सगळं. डब्यांच्या तोंडाला फडकी बांधून ते माळ्यावर जायचे. अम्मा लग्न होऊन आल्यापासून हे व्रत पाळत होत्या आणि संकल्प त्या करायच्या म्हणजे तो अख्ख्या घराचा. गुरुराज ऑफिसच्या कँटीनमध्ये खुशाल सांबार-वडा हाणायचा. ते मला ठाऊक, कनकाला ठाऊक, आणि माझी खात्री आहे, अम्मांनाही ठाऊक.

त्या वर्षी कनकाला दिवस होते. तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही सातव्या महिन्यात गेली होती. तिला माहेर म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे बोलायला तिला मीच. अम्मा तिला म्हणाल्या होत्या की पोटुशी बाईस व्रत माफ असतं. पण ही ऐकेल तर शपथ! हिनं चारी महिने तर धरलेच, वर एकभुक्त. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. "मी वेंकोबास शब्द दिलीय, अक्का," मला म्हणाली. "मागच्या दोन्ही वेळी मी काहीच केलें नव्हतें. ह्या वेळी तो देईल." शब्द देऊन मोकळी झालेली बाई.

चातुर्मासाचा चौथा महिना लागला आणि कनकाचे पाय सुजले. आधी घोटे, मग पिंढऱ्या. सकाळी चेहराही फुगलेला असायचा. समोरच्या घरातली बाई कुंपणाशी उभी राहून म्हणाली, झालं, मांबलमनं हिलाही धरलं. कनकानं ते ऐकलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. अम्मा पायांना कसलासा पाला वाटून लावत होत्या. सूज तसूभर हलेना. मला राहवेना. देवळात जाऊन येतो असं अम्मांना सांगितलं आणि कनकाला सायकलरिक्षात घालून मी सरळ स्टेशनपलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. लोण्यात बोट घालावं तसा. मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, ब्लडप्रेशर बघितलं, सगळं केलं. चार दिवसांनी परत बोलावलं आणि विचारलं, ही खाते काय? कनकानं चारी महिन्यांचं सगळं सांगितलं. तोंडावर अभिमान अगदी ओसंडून चालला होता. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे डासाचं काम नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या रक्तात प्रथिनं उरलेली नाहीत, म्हणून अंगात पाणी साचतंय. मूल आईच्या अंगातून आपलं काढून घेतं. पण आईकडचंच संपलं तर ते तरी कुठून घेणार? दूध?"

"दुधाच्या वासानंसुद्धा उलटी होते तिला," मी म्हटलं. "दह्याचे चार घास जातात, तेवढंच."

"अंडं?"

त्याही अवस्थेत मला हसू फुटलं. अम्मांच्या घरात अंडं! तो शब्द उच्चारला असता तर त्यांनी ओटी-ओसरी धुऊन काढली असती.

"नको तर नको," त्या म्हणाल्या. "अंडं-मांस न खाता किती बायका धडधाकट मुलं जन्माला घालतात. पण मग डाळ हवीच. भातात जे कमी असतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते भातात. दोन्ही एका ताटात आली की त्यांचं मांस होतं, रक्त होतं. मूग, तूर, हरभरे, शेंगदाणे. दोन्ही वेळा, पोटभर. आत्ता ह्या महिन्यात बाळाचं काळीज भरतंय, बोटं भरताहेत. ती कशातून भरणार, सांगा?"

अहो, आयुष्यात मी किती वरण-भात शिजवला असेल, वाढला असेल, कंटाळून नाक मुरडून खाल्ला असेल! त्यातून काळीज होतं, बोटं होतात, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी कनकाच्या पोटाकडे बघत राहिले.

रिक्षात बसताच कनका म्हणाली, "अम्मांस सांगू नका. मी खाणार नाही."

"अगं, वेडी का खुळी तू?"

"शब्द मोडला आणि हेही गेलें तर?" एवढंच बोलली, आणि घर येईपर्यंत नुसती रडत होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यावर नाही, अम्मांवर. मनात म्हटलं, बाई, तुमच्या सोवळ्यापायी ह्या पोरीनं हे शिकून घेतलंय. आज होऊन जाऊ दे काय व्हायचं ते, फार तर खोल्या सोडा म्हणतील. अम्मा ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मी चपला काढल्या न काढल्या आणि सुरूच झाले. देवळात गेलो नव्हतो, डॉक्टरकडे गेलो होतो, हे हत्तीपाय नाहीत, ही उपासमार आहे, आणि पोटातल्या जीवाला काही झालं तर तुमच्या व्रताला काय जाळायचंय!

अम्मा ओरडल्या नाहीत. "सावकाश बोल," म्हणाल्या. "डाळीचें काय म्हणालीस तें परत सांग."

मी सांगितलं. भात आणि डाळ. मांस, रक्त, काळीज, बोटं.

"बोटं? डाळीनं?"

"हो, अम्मा."

"नखंसुद्धां?"

"नखंसुद्धा."

त्या उठल्या. कनकाला खांबाला टेकून बसवलं, तिचं लुगडं घोट्यावर सरकवलं आणि डॉक्टरीणबाईंसारखाच आपला अंगठा दाबला. खड्डा पडला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो भरून येईल म्हणून थांबल्या असाव्यात. तो काही भरेना. मग विहिरीवर गेल्या, डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्यानंच आत आल्या आणि शिडी लावून माळ्यावरून मुगाच्या डाळीचा डबा उतरवला. फडकं सोडलं. डाळ मुठीत घेतली आणि दारातल्या उजेडात हात धरून न्याहाळू लागल्या. जन्मभर ज्या डाळीत हात घातला ती जणू आज पहिल्यांदा बघत होत्या. "एवढ्यांतून?" असं काहीतरी पुटपुटल्या.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होते, आत जायची माझी छाती नव्हती. डाळ शिजली, भात झाला. कनका एका कोपऱ्यात. "वेण्डाम, अम्मा, नको," तिचं एकच चाललेलं. अम्मांनी तिची समजूत घातली नाही की तिला रागावल्या नाहीत. पान मांडलं, एकच. त्यावर भात वाढला, वर वरण, तूप. मला वाटलं, आता हिला हाताला धरून बसवणार. तर त्या स्वतःच पानावर बसल्या! जी बाई आजवर सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय पानाकडे फिरकली नव्हती, ती. देवघराकडे तोंड करून म्हणाल्या, "ऐक रे. संकल्प माझा होता, घराचा. तो मी मोडतें. हिनें नव्हे." आणि कालवून घास तोंडात घातला.

भात पानाबाहेर सांडत होता. तरी त्यांनी पान संपवलं, शेवटच्या शितापर्यंत.

"आतां घरांत व्रतच नाही," त्या कनकाला म्हणाल्या. "तू कोणतें पाळणार? ये, जेव."

कनका आली. रडत रडत जेवली, पण पोटभर जेवली. मी वर आले आणि ह्यांना काही सांगायच्या आधी ढसाढसा रडले. भांडायला गेलेली बाई मी!

त्या दिवसापासून रोज दोन्ही वेळा डाळ. मुगाचं वरण, पोंगल म्हणजे तिकडची मुगाची खिचडी, हरभऱ्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी. अम्मा वाढायच्या आणि ती संपवेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. दिवाळी आली-गेली, पावसानं रस्ता तुंबला, आणि कनकाच्या घोट्याची हाडं पुन्हा दिसायला लागली. सातवा महिना सरला त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. समोरच्या बाईला मी मुद्दाम बोलावून कनकाचे पाय दाखवले.

अम्मांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. कपाटाच्या किल्ल्या त्यांनी कनकाच्या कमरेला लावल्या. कुठल्या श्राद्धाला काय करायचं ते तिच्याकडून घोकून घेतलं. गुरुराजला बसवून तांब्याची भांडी कुठल्या बहिणीला द्यायची ते सांगितलं. तो बिचारा बावचळून माझ्याकडे आला. मी एका दुपारी अम्मांना गाठलंच. म्हटलं, हे काय चाललंय?

"वेंकोबा सोडत नाही, विद्युलता," त्या म्हणाल्या. उद्या बाजारातून काय आणायचं ते सांगावं तितक्या शांतपणे. "कोणी तरी भोगावें लागतें. म्हणून तर पहिला घास मी खाल्लें. पहिला राग पहिल्या घासावर पडेल, पोरापर्यंत जाणार नाही. आतां बोलावणें येईल. त्याच्या आधी घर लावून ठेवतें."

मी समजत होते, कनकाला धीर यावा म्हणून त्या आधी जेवल्या. अहो, ही बाई आपलं मरण कालवून जेवली होती! आणि तिचा त्यावर पुरा विश्वास होता, माझा उद्या सूर्य उगवेल यावर असतो तितका. मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या सासूच्या पायांवरही मी इतक्या मनापासून कधी ठेवलं नव्हतं.

पोंगलचा सण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेला आणि एका सकाळी कनकाला इस्पितळात नेलं. गुरुराज बाहेर येरझारा घालत होता. अम्मा व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून. मी शेजारी. ऊन वर आलं तेव्हा नर्स बाहेर आली. मुलगी झाली, म्हणाली, चांगली बाळसेदार आहे, आईही ठीक आहे. गुरुराज आत धावला. मी आनंदानं ओरडलेच. अम्मा जागच्या हलल्या नाहीत.

"अम्मा, ऐकलंत ना? नात झाली! चला आत!"

त्यांनी डोळे उघडले. आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यानें मज काहींच केलें नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, अम्मा."

"जन्मभर भ्यालें मी त्यास. इतकें भ्यालें. आणि त्यानें काहींच केलें नाही." त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या. मी त्यांना जवळ घेतलं, सोवळं-ओवळं काही न बघता, आणि त्यांनीही बघितलं नाही. आत पोरीनं भुकेनं टाहो फोडला होता.