बटणावरचं गुलाबी मेण

चौथेकाकांचं खरं आडनाव चौथे नव्हे. तरुणपणी ते एका जॅझ बँडमध्ये गिटार वाजवायचे, आणि त्या बँडमध्ये चौघं होते. सॅक्सोफोनवाला, पियानोवाला आणि ड्रमवाला यांची नावं जाहिरातीत ठळक यायची. त्यांच्याखाली बारीक अक्षरात ‘आणि चौथे गिटारवर’ एवढंच असायचं. मित्रांनी ते उचललं, आणि चिकटलं ते चिकटलंच. आता पोस्टमनसुद्धा चौथे म्हणून हाक मारतो आणि काका निमूट ओ देतात.

त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. मागे बसून ठेका आणि सूर धरून ठेवायचे हे त्यांचं काम, आणि असलं काम चांगलं झालं की कुणाच्या लक्षातच येत नाही. पण पुढे बँड मोडला. ड्रमवाला लेकीकडे राहायला गेला, बाकीचे दोघं तर जगातूनच गेले, आणि काकांना धरून ठेवायला कुणी उरलं नाही. मग ते घरातल्या जुन्या गिटारीवर एकट्यानं सगळंच वाजवायला शिकले. अंगठ्यानं खालचे जाड सूर, मधल्या बोटांनी भरणा, आणि सगळ्यांच्या वर गाण्याची चाल. सुनेच्या मते हे म्हणजे फोन कानाला धरून, भांडी घासत, पायानं दार लावण्यासारखं होतं. ती ते रोजच करायची, त्यामुळे तिला त्याचं फारसं नवल नव्हतं.

इमारतीच्या तळमजल्यावर कॅफे उघडला तो याच सुमाराला. कॅफेवाली तरुण होती, आणि खिडकीतून खाली येणारी काकांची गिटार तिनं ऐकली होती. एका सोमवारी तिनं त्यांना जिन्यातच गाठलं.

“काका, या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे वाजवाल? लोकांना आवडलं तर दर शनिवार तुमचाच.”

काका “बघतो” म्हणाले आणि जिना असा चढले, की आपला गुडघा दुखतो हे त्यांना वर पोचल्यावर आठवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसली गत. पण सुनेला बातमी सांगताना मात्र त्यांचा आवाज जरा खाली आला.

“चौघांत चूक लपते गं. एकट्याला लपायला जागाच नसते. शनिवारी जमलं तर जमलं. नाही जमलं, तर मी गिटार कायमची खुंटीला टांगणार.”

एरवी ते असलं काही बोलले की शेवटी हसायचे. या वेळी हसले नाहीत.

जुन्या गिटारीचा आवाज कॉफीच्या मशीनपुढे टिकणार नव्हता. म्हणजे विजेवरची गिटार हवी, आणि तिचा आवाज मोठा करणारा अँप हवा. काकांच्या मुलानं वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता एकच अट घातली, परवडेल ते घ्या. दुसऱ्या दिवशी सुनेनं अर्धी रजा टाकली आणि सासरे-सून वाद्यांच्या दुकानात हजर झाले. सून कवळ्या बनवते. दातांच्या एका लॅबमध्ये दिवसभर मेण, साचे आणि घासणीचं मशीन यांच्यात तिचा वेळ जातो. गिटारीच्या दुकानात ती पहिल्यांदाच येत होती.

दर्शनी भिंतीवर नव्या गिटारी चकाकत होत्या. काकांनी त्यांच्याकडे कानाडोळा केला आणि सरळ मागची खोली गाठली, जिथे वापरलेल्या वाद्यांची रांग होती.

“एकट्याच्या जॅझला महागडं काही लागत नाही, सूनबाई,” ते म्हणाले. आनंदानं त्यांना किती बोलू आणि किती नको असं झालं होतं. “दांडा हातात नीट बसला पाहिजे. तारा फार उंच नकोत, नाहीतर बोटांची सालं निघतात. आणि हा बघ पिकअप. तारांचा कंप पकडतो तो हा. दांड्याजवळचा चांगला असला म्हणजे झालं. रंग गेला उडत.”

पहिली गिटार पोकळ, जाडजूड आणि दिसायला राजेशाही होती. काकांनी दोन सूर काढले आणि नाक मुरडलं. “गोधडीत तोंड घालून बोलतेय.” दुसरीचा दांडा लाटण्यासारखा गोल निघाला. तिसरी चपटी, लोण्याच्या रंगाची, एका कोपऱ्याला टवका उडालेली. ती मांडीवर घेतली आणि काकांचा डावा हात दांड्यावरून आपोआप फिरायला लागला. त्यांनी ती खाली ठेवलीच नाही, अँप बघायला जातानासुद्धा कडेवर होती.

अँपचीही तीच तऱ्हा. एका दांडग्या अँपवर इतकी बटणं होती, की काका म्हणाले, “मला वाजवायचंय, विमान नाही उडवायचं.” एक अगदी चिमुकला होता, पण जाड सुराला फरफरला. तिसरा लहानशा सुटकेसएवढा, एका हातानं उचलता येणारा. त्याच्यातून खालचा सूरही गोल आणि स्वच्छ आला. काकांचा चेहरा उजळला. मग त्यांनी ट्रेबलचं बटण, म्हणजे आवाजाला धार देणारं बटण, हळूहळू वर नेलं. अजून वर नेलं. जवळजवळ टोकाला नेल्यावर ते समाधानानं म्हणाले, “आता कशी मोकळी बोलतेय.”

दुकानदार अर्धं पाऊल मागे सरकला होता. “काका, जॅझला ट्रेबल जरा कमी...”

“अहो, तुम्ही बाराखडी गिरवत होतात तेव्हापासून वाजवतोय मी जॅझ.”

दुकानदार पावतीपुस्तक शोधायला लागला. गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार. काकांनी सुनेकडे पाहिलं. ती गालावर हात ठेवून छताकडे बघत होती.

“कशी वाटते?”

“छान आहे, बाबा.”

तिचं लक्ष लॅबमध्ये असणार, असं काकांना वाटलं. टवका उडाल्याबद्दल त्यांनी किंमत थोडी कमी करून घेतली, आणि टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, गिटार पायांत उभी धरून, लग्नाची वरात आणावी तशी ती घरी आणली.

पुढचे दिवस उडत गेले. काका सकाळी उठायचे ते अँपचं बटण दाबायलाच. घरच्यांच्या समजूतदारपणानं तर त्यांना भरून आलं. चहा घेऊन तासभर हलायचा नाही तो मुलगा एकाएकी सकाळचा फिरायला जायला लागला. सून लवकर लॅबला निघायची आणि जाताना त्यांच्या खोलीचं दार हलकेच ओढून घ्यायची. म्हाताऱ्याला एकांत मिळावा म्हणून बिचारी किती करतात, असं काकांच्या मनात यायचं, आणि ते आणखी जोरात वाजवायचे.

शुक्रवारी दुपारी सून लवकर परतली. पर्स खांद्यालाच ठेवून ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

“बाबा, रागावणार नाही ना?”

“असं कुणी विचारलं की राग आधीच यायला लागतो. बोल.”

“तुमच्या गिटारीनं माझे दात शिवशिवतात. वरचा सूर वाजला की इथे कळ जाते.” तिनं गालावर हात ठेवला.

काकांनी गिटार मांडीवर आडवी केली. कानामागून आली आणि तिखट झाली, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. “तुला जॅझमधलं काय कळतं?”

“काही नाही. म्हणून तर तीन दिवस गप्प बसले. म्हटलं, जॅझ असंच टोचणारं असेल. पण ह्यांनासुद्धा तसंच होतंय. फिरायला कशाला जातात मग? आणि बाबा, कपड्यांचं मशीन थांबलंय.”

“थांबलं की ते वाजतं.”

“वाजतंय. मी आले तेव्हापासून वाजतंय.”

काका उठले आणि मोरीत गेले. मशीनवरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी वाकून कान अगदी त्या दिव्यापाशी नेला. नळाची धार ऐकू येत होती, खालून जाणाऱ्या ट्रकची घरघर ऐकू येत होती. मशीन मुकं होतं. दारात उभी असलेली सून प्रत्येक वेळी बोट वर करत होती. आता वाजलं. आता. पुन्हा.

दुकानातली ती पोकळ गिटार गोधडीत नव्हती तर. गोधडी काकांच्याच कानात होती, आणि ती कधी येऊन बसली याचा त्यांना पत्ताही नव्हता. जो उंच, बारीक सूर त्यांना ऐकू येत नव्हता तो वर ओढून ओढून ते सगळ्यांना टोचत होते. दुकानदार मागे का सरकला, तेही आता कळलं. ते खोलीत आले आणि त्यांनी अँप बंद केला.

“कॅफेवालीला सांग, मला जमणार नाही म्हणावं.”

“एवढ्यावरनं?”

“एवढ्यावरनं म्हणजे? मला ऐकू येत नाही आणि मी लोकांना ऐकवायला निघालोय. जिथे लपायला जागा नाही तिथे बहिऱ्यानं बसायचं?”

सुनेनं पर्स खांद्यावरून उतरवून मांडीवर घेतली. त्यांचे डोळे भरलेत हे तिला दिसत होतं, आणि तिचेही भरायला लागले होते. मग ती लॅबमध्ये गिऱ्हाइकांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, “दात गेले म्हणून माणसं जेवायची थांबली असती, तर माझी लॅब केव्हाच बंद पडली असती. बसा बरं इथे.”

“अगं पण...”

“मी करते ती कवळी माझ्या तोंडात बसते का? दुसऱ्याच्या बसते. कुठे टोचतंय ते तो सांगतो, तेवढं मी घासते. तो सांगतो, मी घासते, असं करत करत बसते एकदाची. आता मी सांगते, तुम्ही घासा.”

काकांनी अँप लावला, थोडं नाखुशीनंच. एक चाल धरली आणि बटण जरा खाली आणलं.

“टोचतंय.”

अजून खाली.

“टोचतंय. आणखी. आता दाढेत नाही, समोरच्या दातांत आहे. आणखी थोडं. बस्स.”

काका थांबले. “हे? अगं, ही गोधडीच झाली. वरची चाल मला धड ऐकू येत नाहीये.”

“मला येतेय,” सून म्हणाली. “लोण्यासारखी येतेय.”

तिनं पर्समधून लॅबचं गुलाबी मेण काढलं, चिमटीत मऊ केलं, आणि बटणाच्या कडेला अँपवर त्याचा एक ठिपका दाबून बसवला. काकांनी ती चाल पुन्हा सुरुवातीपासून घेतली. वरचे सूर त्यांना धुक्यात गेल्यासारखे वाटत होते, पण बोटांना वाट पाठ होती. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तेवढ्यात मुलगा आला आणि चपला न काढताच खोलीच्या दारात उभा राहिला.

“अरे वा. अँप बदलून आणलात?”

सासरे-सुनेनं एकमेकांकडे पाहिलं. मग दोघं इतकी हसली, की मुलाला आपण काय विनोद केला तेच कळेना.

शनिवारी संध्याकाळी कॅफे भरलेला होता. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यांची पाचावर धारण बसली होती. अँप मागे खुर्चीवर, गिटार मांडीवर, डावीकडे कुणी नाही, उजवीकडे कुणी नाही. अख्खं आयुष्य त्यांना दोन्ही बाजूंना माणसांची सवय. सून समोर कोपऱ्यातल्या टेबलावर केक घेऊन बसली होती. गालावर हात गेला की टोचतंय असं समजायचं, एवढं दोघांचं ठरलं होतं.

त्यांनी सुरुवात केली. अंगठ्याचा जाड सूर जमिनीतून यावा तसा आला, त्यावर भरणा बसला, आणि मग चाल. लोक बोलत होते, कप वाजत होते. काकांना चाल कुठे जातेय ते नीट ऐकू येईना. तिसऱ्या गाण्यात त्यांची खात्रीच पटली, की वरचं काहीही कुणापर्यंत पोचत नाहीये. दोन सुरांच्या मधल्या जागेत त्यांचा उजवा हात मागे अँपकडे गेला. थोडंसं वर घ्यावं. अगदी थोडं.

बोटाला मेणाचा ठिपका लागला.

काकांनी मान वर केली. सुनेच्या एका हातात चमचा होता आणि दुसरा टेबलावर पडला होता, बोटांनी ताल धरत. गालाच्या आसपास तो नव्हताच. तिच्या मागच्या टेबलावरचे एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते, आणि बाजूच्या बाईंनी बोलणं अर्धवट सोडून मान वळवली होती. काकांनी हात परत तारांवर आणला. आपल्याला ऐकू येत नाही ते तिला ऐकू येतंय, मग ते आहेच, असं म्हणून त्यांनी चाल बोटांवर सोडून दिली, आणि ती त्यांच्या हातून अशी मोकळी सुटली जशी बँडच्या दिवसांतही कधी सुटली नव्हती. त्यांना इतका आनंद झाला की ते वाजवता वाजवता हसायला लागले.

शेवटच्या गाण्यानंतर टाळ्या बराच वेळ चालल्या. निदान तेवढ्या तरी काकांना स्पष्ट ऐकू आल्या. कॅफेवाली ॲप्रनला हात पुसत आली.

“काका, किती मऊ वाजवता हो. दर शनिवार तुमचाच. मी बाहेर पाटी लावते, ‘एकट्याची गिटार’ म्हणून. आणि आता काय आणू, एक कॉफी?”

“दोन आणा,” काका म्हणाले. “आणि पाटीवर एकट्याची लिहू नका. आम्ही दोघं आहोत. दोघांची नावं घाला.”

कॅफेवालीनं कोपऱ्याकडे वळून पाहिलं. “तुम्हीपण वाजवता?”

सुनेच्या तोंडात केक होता. तिनं जोरजोरात मान हलवली, नाही नाही.

“ती ऐकते,” काका म्हणाले. “माझ्या वाटचंसुद्धा. आणि हे बघा, तिचं नाव बारीक अक्षरात नको.”