तडा कुणामुळे गेला

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळी वस्ती 'ब्रेकबाई' म्हणायची. त्यांच्या शेजारच्या सीटखाली एक जादा ब्रेक होता, आणि शिकणाऱ्याचा जीव कंठाशी येण्याआधीच बाईंचा पाय त्यावर पडलेला असायचा. इतकी वर्षं नवशिक्यांच्या हाती गाडी दिली, पण गाडीला कधी नाव घेण्यासारखं काही लागलं नव्हतं. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. समोरच्या रस्त्यावर दुसरा एक गाडी शिकवणारा होता. त्याच्या गाडीचे पोचे बघून त्या म्हणायच्या, "याची गाडी म्हणजे शिकाऊ लोकांची हजेरीवहीच आहे. जो येतो तो सही करून जातो."

अलीकडे मात्र त्यांच्या डाव्या डोळ्यावर धुकं धरू लागलं होतं. एखादा सायकलवाला डावीकडून जमिनीतून उगवल्यासारखा समोर यायचा. बाई चष्मा पुसायच्या, चष्म्याला शिव्या घालायच्या आणि डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलायच्या. डॉक्टर काय म्हणेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि ऐकायचं नव्हतं.

त्याच दिवसांत शिवणवाली शिकायला आली. घरात मशीन टाकून ती शाळेचे गणवेश शिवायची. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यापासून त्यांची गाडी दाराशी झाकून पडली होती. नवऱ्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं तर दर खेपेला दिराच्या विनवण्या कराव्या लागायच्या. दीर यायचा, पण आल्याचं दहा जणांना सांगायचा. "मला माझ्या माणसाला माझ्या हातानं न्यायचंय," एवढंच ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. सुरुवातीला दर चौकात तिच्या हातून गाडी बंद पडायची. पण ती चिवट होती. हळूहळू गाडी तिचं ऐकू लागली.

एका सकाळी वळण घेताना तिच्या हातून गाडीचा डावा कोपरा फूटपाथच्या कडेला जरासा टेकला. बाईंनी ब्रेक दाबला. दोघी उतरल्या, वाकून बघितलं. नुसती धूळ पुसली गेली होती.

"काही झालं नाही. बसा," बाई म्हणाल्या.

तिला घरी सोडून बाई एकट्याच परत निघाल्या. आपल्याच फाटकातून, जिथून त्या डोळे मिटूनही गाडी आत घालतील असं म्हणायच्या, तिथून आत वळताना डावीकडचा लोखंडी खांब त्यांना दिसलाच नाही. कर्रकन आवाज झाला. उतरून बघतात तो बंपरचा डावा कोपरा खालून थेट दिव्यापर्यंत फाटलेला, आणि एक कड आत मुडपलेली.

गल्लीत कुणी नव्हतं. बाईंनी बंपरला हात लावण्याआधी वर मान करून शेजाऱ्यांच्या खिडक्या बघितल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती या वर बघण्याची.

आवाज ऐकून बाईंचा नवरा बाहेर आला. "अरे देवा! कुणी ठोकली?"

"शिकाऊ," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"ती शिवणवाली?"

"हं."

नवऱ्याला वाईट म्हणावं असं काही नव्हतं. निवृत्त माणूस, गप्पांचा भुकेला. दुसऱ्या दिवशी केस कापायला गेला, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं विनोद केला, "आमच्या हिचा ब्रेकसुद्धा कमी पडला हो त्या शिवणवालीपुढे! कापड सोडून बाईनं बंपर फाडला." दुकान हसलं. बाकावर शिवणवालीचा दीर बसला होता, हे त्याला माहीत नव्हतं.

तिकडे त्याच सकाळी शिवणवाली शिकायला आली आणि गाडीसमोर खिळून उभी राहिली.

"अगंबाई! हे कालचं का? माझ्यामुळे?"

हीच वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बाईंच्या जिभेवर आलंही होतं. पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"होतं असं," त्या म्हणाल्या. "प्लास्टिकच ते. तडा मागाहून उघडतो."

तेव्हापासून शिवणवालीची गाडी बिघडली. गाडी म्हणजे तिचा हात. प्रत्येक वळणाआधी ती विचारायची, "बसेल ना हो बाई?" मोकळ्या रस्त्यावरही क्लचवरचा पाय काढायची नाही. बाई तिच्याशी कधी नव्हे इतक्या गोड बोलू लागल्या. एरवी चुकलं की फटकारणाऱ्या बाई आता "छान, छान" म्हणत होत्या, आणि स्वतःचा तो साखरेचा आवाज त्यांनाच परका वाटायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. नवऱ्यानं बंपर म्हटलं की त्या ताट घेऊन उठायच्या.

एकदाचा तो तडा डोळ्यांसमोरून जाऊ दे, म्हणून त्यांनी गॅरेज गाठायचं ठरवलं. पण शिवणवाली हट्टाला पेटली. "माझ्या हातून झालंय, मीही येणार." नाही म्हणायला बाईंकडे कारण नव्हतं.

गॅरेजच्या मिस्त्रीनं बंपर उतरवून जुन्या सतरंजीवर पालथा घातला. आतून तो बाहेरच्यापेक्षा केविलवाणा दिसत होता. तडा तर होताच, शिवाय बंपर ज्या कानांनी गाडीला अडकतो त्यातला एक कान मोडला होता.

"दोन रस्ते आहेत," मिस्त्री म्हणाला. "डाग देऊन, म्हणजे प्लास्टिक वितळवून, जोडतो. आतून पट्टी बसवतो, नवा कान करतो, वरून घासून रंग. नाहीतर नवा घाला. नवा तो नवाच. पण तुमची शिकाऊ गाडी, बाई. आज नवा घालाल, उद्या कुणीतरी परत आपटेल."

हे ऐकून शिवणवालीनं मान खाली घातली. बाईंना ते दिसलं.

"जोडलेला दिसेल का?" बाईंनी विचारलं.

"रंग मारल्यावर? तुम्हाला माहीत असेल म्हणून तुम्हाला दिसेल. दुसऱ्याला नाही."

"मग जोडाच," बाई घाईनं म्हणाल्या.

"नको," शिवणवाली म्हणाली. "नवाच घाला, खर्च मी देते. ताण येतो तिथली शिवण उसवते, मला ठाऊक आहे. पुढच्या शिकणारीच्या हातात तो सुटला, तर तिला वाटेल तिच्यामुळेच सुटला." मग म्हणाली, "आणि बाई, मी आता येणार नाही. तुम्हाला सांगायचंच होतं. दिरानं गाडीला गिऱ्हाईक आणलंय. संध्याकाळी येतील घेऊन जायला."

"विकताय? का?"

"केस कापायच्या दुकानात सगळे हसले म्हणे माझ्यावर. दीर घरी येऊन यांच्यासमोर बोलला, 'दुसऱ्याची गाडी फोडली, उद्या दादाला घेऊन खड्ड्यात जाईल.' हे काही बोलले नाहीत. यांना बोलायला वेळ लागतो. पण मलाच पटलं. वाकून बघितलं तरी मला कळलं नाही आणि एवढा तडा गेला. ज्याला कळत नाही, त्यानं गाडी चालवू नये."

तो विनोद कुठून निघाला हे त्यांना विचारावं लागलं नाही. मिस्त्री खाली बसून तडा निरखत होता. त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे उद्या सगळ्या गॅरेजांत पसरणार. बाईंनी बाहेर बघितलं, आत बघितलं. पळायला जागा नव्हती.

"तो तडा तुमच्यामुळे गेला नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला की त्यांना परत बोलावं लागलं. "माझ्यामुळे गेला. तुम्हाला सोडून आले आणि फाटकाच्या खांबावर घातली गाडी. मला डावीकडचं नीट दिसत नाही. किती दिवस झाले, दिसत नाही."

मिस्त्री उठला आणि पाना शोधायच्या निमित्तानं मागच्या बाजूला गेला.

शिवणवालीनं वाकून तड्यावरून बोट फिरवलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"तेव्हा तोंडातून निघालं नाही हो."

"निघालं की. 'होतं असं' म्हणालात."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं म्हणायची त्यांची सवय होती. आज धरणीनं ऐकलं असतं तर त्या खरोखर गेल्या असत्या.

"मशीनवर बसले तरी मी हातांकडे बघायची," शिवणवाली म्हणाली. "सुई मोडली तरी वाटायचं, हातच वाईट माझे. यांना कुशीवर वळवतानाही भीती वाटायची. आणि तुम्ही शेजारी बसून छान छान म्हणत होतात."

तिनं पिशवी उचलली आणि निघून गेली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना थोडं हलकं वाटलं असतं.

मिस्त्री परत आला. "मग? जोडू की नवा?"

"तुमची गाडी असती तर काय केलं असतं?"

"जोडला असता. उगाच चांगला बंपर भंगारात कशाला?"

"जोडा मग," बाई म्हणाल्या, आणि पायीच शिवणवालीच्या घराकडे निघाल्या. आजवर बाई त्या गल्लीतून गाडीनंच गेल्या होत्या. पायी गेल्यावर गल्ली फार लांब निघाली.

दार उघडंच होतं. खोलीभर निळ्या कापडाचे गठ्ठे, खिडकीपाशी मशीन, भिंतीलगत पलंगावर तिचा नवरा उशांना टेकून बसलेला. दीर खुर्चीत बसून गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. शिवणवाली मशीनवर होती. तिनं बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

बाईंनी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. खांब, डोळा, नवऱ्याला मारलेली थाप, आणि हिनं विचारल्यावर दिलेलं उत्तर. एकही गोष्ट वगळली नाही, कारण वगळलं तर परत यावं लागेल हे त्यांना कळत होतं.

दीर खो खो हसला. "म्हणजे मास्तरीणच आंधळी! वहिनी, बरं झालं सुटलात." मग त्याचं हसू ओसरलं, कारण दुसरं कुणी हसलं नव्हतं.

"हो," बाई म्हणाल्या. "दुकानात हे असंच सांगा. त्यांना चांगली चालवता येते, हेही सांगा."

पलंगावरून नवऱ्यानं काहीतरी म्हटलं. शब्द तोंडातल्या तोंडात गुंतले. त्यानं डोळे मिटून पुन्हा जुळवाजुळव केली. "किल्ली," तो म्हणाला. "तिला दे."

दिरानं किल्ली मशीनच्या कडेला ठेवली. शिवणवालीनं ती उचलली नाही, बाजूलाही सारली नाही. "बसा," असं कुणी बाईंना म्हटलं नाही. त्या उभ्याच होत्या, तशाच परतल्या.

घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला उगाच तोंडघशी पाडलंस." मग, "डोळ्याचं आधी का नाही बोललीस गं?" दुसऱ्या दिवशी तोच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, कधीच यायला हवं होतं. शस्त्रक्रिया होऊन नजर तपासेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, शिकवायचं तर नाहीच.

बाईंचे शिकाऊ अधांतरी राहिले. तेव्हा त्या समोरच्या रस्त्यावरच्या त्या पोचेवाल्या गाडीच्या मालकाकडे गेल्या, ज्याची त्यांनी वर्षानुवर्षं टिंगल केली होती.

"ब्रेकबाई! तुम्ही आणि माझ्या दारात?"

"माझे विद्यार्थी घ्याल का? त्यातली एक आहे, शिवणकाम करते. तिला ओरडू नका, पण उगाच छान छानही म्हणू नका. चुकली तर चुकली म्हणा, नाही चुकली तर तसं सांगा."

त्यानं काही टोमणा मारला नाही. मारला असता तर बाईंनी तो ऐकून घेतला असता. त्यानं फक्त विचारलं, "ती येईल का माझ्याकडे?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी तिला विचारू शकत नाही."

ती त्याच्याकडे गेली. बाईंना हे कळलं ते शस्त्रक्रियेनंतर, डोळ्यावर पट्टी असताना. त्या फाटकाशी उभ्या होत्या. पोचेवाली गाडी गल्लीत वळली, स्टेअरिंगवर शिवणवाली होती. वळणावरच गाडी बंद पडली. मागून कुणीतरी भोंगा वाजवला. शिवणवालीनं हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली, गाडी चालू केली. कुणाला काही विचारलं नाही. फाटकासमोरून जाताना तिनं बाईंना बघितलं. बाईंचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला.

शिवणवालीनं मान हलवली नाही, तोंडही फिरवलं नाही. ती समोर बघत गाडी चालवत पुढे गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाई फाटकाशी तशाच उभ्या होत्या.