सोनूबाईंची झील मी कापली

मित्रांनो, मी आवाज आवरणारी एक जुनी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावर उघडणारी. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. तिथल्या संपादनाच्या प्रोग्राममध्ये मी राहते. माझ्या अंगावर पाच गोल बटणे आहेत. आपली गोष्ट सांगावी एवढी मी मोठी नाही, आणि ती मला नीट साधेल याची खात्रीही नाही. पण मला राग आला आहे, आणि तो गिळून बसणे आता जमत नाही.

माझे काम सोपे आहे. गाणारा मध्येच मोठ्याने ओरडला तर मी तेवढाच आवाज दाबते. मग सगळेच थोडे वर उचलते, म्हणजे त्याचे हळू बोलणेही ऐकू येते. शिवाय माझे एक दार आहे, त्याला गेट म्हणतात. आखलेल्या रेषेहून हळू असेल ते सगळे हे दार बाहेर ठेवते. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या रिक्षा, असे काहीबाही. रेष कुठे आखायची हे मात्र मी ठरवत नाही. बटण फिरवणाऱ्याने ते कानांनी ठरवायचे असते.

इथले जुने ध्वनिमुद्रक दशरथ तावडे तसे ठरवत. डोळे मिटून, आमटीत मीठ घालावे तसे ते माझे बटण जरासे फिरवत आणि थांबत. ‘हिला हात लावलाय हे ऐकणाऱ्याला कळलं, तर समज वाट लागली,’ असे ते नव्या माणसांना सांगत. ते माझे चांगले दिवस होते. दशरथ निवृत्त झाले आणि सुबोध आला. सुबोध वाईट माणूस नाही, पण त्याला घाई फार. मसाल्याच्या जाहिरातींसाठी त्याने माझी बटणे एकदा लावून ठेवली आणि त्या मांडणीला नाव दिले. मग जाहिरात असो की कीर्तन, ते नाव निवडायचे, एक क्लिक, काम संपले. सहा वर्षांत माझे एकही बटण हाताने फिरले नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. तेव्हाच रागवायला हवे होते.

मार्चमध्ये घाटकोपरहून शीतल आली. ती शाळेत शिकवते. सोबत तिचे वडील अंबादास होते आणि त्यांच्या हातात एक कॅसेट. अंबादास स्वतः गाणी रचून चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्त्यावस्त्यांत गात. त्यांची बायको सोनूबाई मागे उभी राहून झील धरी, म्हणजे त्यांची ओळ संपली की मागून सूर उचलून धरी. सोनूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा आवाज या कॅसेटखेरीज कुठेच उरला नव्हता. यंदाच्या जयंतीला तो वस्तीत ऐकवायचा, एवढेच बापलेकीला हवे होते.

सुबोधने दोन्ही बाजू संगणकात उतरवल्या. रिवाइंड करताना चाळीस वर्षांची ती टेप यंत्रात गुंतली आणि तिच्या चिंध्या झाल्या. काळजी नको, सगळे आत आले आहे, असे तो म्हणाला. आणि मग पहिल्या बाजूच्या चार गाण्यांवर त्याने मसाल्याची मांडणी लावली. ऐकले नाही. पडद्यावर आवाजाची लाट स्वच्छ दिसली, तेवढे त्याला पुरले. जुन्या फाईलच्या जागी हीच ठेवायची का, असे प्रोग्रामने विचारले. तो ‘हो’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघे ऐकायला बसली. अंबादासांची ओळ खणखणीत आली. तिच्यापाठोपाठ झील यायची, तिथे काहीच नव्हते. टेपची खरखरसुद्धा नाही. पुन्हा ओळ. पुन्हा काहीच नाही.

“सोनू कुठाय?” अंबादासांनी विचारले.

सुबोधला प्रश्न कळलाच नाही. “काका, आवाज झकास आलाय ना तुमचा?”

“माझा घेऊन काय करू? तो सत्तर वर्षं ऐकतोय मी.”

मागून आई गाते त्यात, जी जी म्हणते, शीतलने सांगितले. मागे काहीतरी पुटपुट होती खरी, सुबोध म्हणाला, पण त्याला ती वस्तीतली गडबड वाटली.

अंबादास उठून उभे राहिले. “गडबड? माझी ओळ संपली की पुढची आठवेपर्यंत लोकांना धरून कोण ठेवायचं? ती. आणि तू तिला गडबड म्हणतोस.”

शीतलने जुनी फाईल मागितली. ती नाही, हे सुबोधला मान खाली घालून सांगावे लागले. माझ्या दाराबाहेर राहिले ते कायमचे गेले होते. मित्रांनो, मला कान नाहीत. त्याला होते. त्याने डोळ्यांवर भागवले आणि बाईचा आवाज कापायचे काम माझ्याकडून करून घेतले.

दुसऱ्या बाजूवर एकच गाणे होते, ते अजून तसेच होते. “हे माझ्यासमोर कर,” अंबादास म्हणाले, “आणि ती लाट झाक आधी.” सुबोधने लाट झाकली आणि सहा वर्षांनी माझे बटण हाताने फिरवले. रेष खाली खाली आली. आधी खरखर आत आली, मग पंखा, मग लांबून एक बाई. अंबादासांनी बोट वर केले. सुबोधचा हात तिथेच थांबला. मग मी अंबादासांचा चढा सूर दाबला, सगळे मिळून वर उचलले, आणि सोनूबाई जवळ आल्या.

तेवढ्यात झिलीच्या मध्ये एक पोर किरकिरले. दोनदा. सुबोधचा हात सवयीने माऊसकडे गेला. तेवढेच कापता येईल, तो म्हणाला.

शीतलने त्याचे मनगट धरले. “हात काढ. ती मी आहे.”

मग अंबादासांनी सांगितले. माईक एकच असायचा. शीतल कडेवर. पोर रडले तर माईकमध्ये जायला नको, म्हणून सोनूबाई दोन हात मागे सरकून गायच्या.

जयंतीला वस्तीत ते एकच गाणे पाच वेळा वाजले, किरकिरीसकट.

मित्रांनो, मला उघडाल तेव्हा आधी सगळे ऐका आणि मूळ फाईल वेगळी ठेवा. हळू आवाज कचरा नसतो. कोणी तरी मागे का उभे आहे, ते विचारल्याशिवाय दार लावू नका. ती चार गाणी मला परत आणता येत नाहीत. माझा राग गेलेला नाही. तो जाऊ नये असेच मला वाटते. माझे चुकत असेल तर सांगा.