थांबवलेलं औषध

सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर उंदराच्या फुप्फुसाची पातळ चकती होती आणि तिच्या कडेला दाट जांभळा गोळा. मा हे-राननं ती काच काढून दुसरी ठेवली. तिथंही तसाच गोळा दिसला.

चुनचॉन शहरातल्या विद्यापीठात ती कित्येक वर्षं एकाच गोष्टीमागे लागली होती. खाणीतली धूळ फुप्फुसात गेली की नुसती बसून राहत नाही. तिच्यामुळे प्राणवायूचेच तिखट, उपद्रवी कण तयार होत राहतात आणि लोखंडाला गंज चढावा तसं फुप्फुस आतून झिजतं, चट्टे पडतात, दम लागतो. हे-रानचं औषध तो गंज रोखत होतं. धुळीनं आजारी पडलेले उंदीर त्यानं चांगले टवटवीत झाले होते. येत्या सोमवारपासून थेबेकच्या म्हाताऱ्या खाणकामगारांना ते द्यायचं ठरलं होतं. थेबेक हे तिचं गाव. तिचे वडीलही तिथल्याच खाणीत उतरायचे.

पण ह्या शेवटच्या पिंजऱ्यातल्या उंदरांना आधीच कर्करोगाच्या बारीक गाठी होत्या. औषधानं त्यांचे चट्टे कमी झाले, आणि गाठी मात्र फोफावल्या. कारण तिला लगेच उमगलं. गंज चांगल्या पेशींना छळतो तसा कर्करोगाच्या पेशींनाही छळतो. औषधानं दोन्हींनाही जीवदान दिलं होतं.

"सोल-बी, काचांवरची नावं झाकून पुन्हा दे मला," ती मदतनीस मुलीला म्हणाली. "कुठल्या उंदराला औषध दिलंय ते मला कळता कामा नये."

तिनं सगळ्या काचा नव्यानं पाहिल्या. उत्तर बदललं नाही.

प्राध्यापक ग्वाक तिचे गुरू. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"मोजके उंदीर आहेत, हे-रान. तेही आजारी. त्यांच्यासाठी सगळी चाचणी अडवायची?"

"सर, खाणीतल्या माणसांमध्ये कर्करोग जास्त असतो. कुणाच्या छातीत काय लपलंय ते आपल्याला ठाऊक नाही."

"आणि तोवर जे गुदमरतायत त्यांचं काय? ते वाट बघत बसतील?"

"तुम्ही एकदा काचा बघा," एवढंच ती म्हणाली.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. बाबांनी चाचणीत नाव दिलंय का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"नाव कशाला द्यायचं?" आई खुशीत म्हणाली. "त्यांचं तर कधीचंच सुरू आहे! तू टीव्हीवर सांगितलंस ना, गंज थांबवला की फुप्फुस टिकतं म्हणून? तसल्याच गोळ्या मिळतात इथं दुकानात. रोज सकाळी देते, दुप्पट देते. तुला सांगणार होते, पण म्हटलं गुण येऊ दे, मग चकित करू."

हे-रान भिंतीला टेकली. "आई, आजपासून त्या गोळ्या बंद."

"का गं? काय झालं?"

"मी येतेय. तोवर एकही द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती थेबेकला पोचली तेव्हा बाबा, मा दुक-सू, अंगणात मुळे निवडत बसले होते. दर दोन मुळ्यांमागे थांबून श्वास घेत होते.

"छातीचा फोटो काढायला जायचंय, बाबा. मोठ्या मशिनीवर."

"डुकराच्या चरबीनं छातीतली धूळ धुतली जाते म्हणतात ना खाणीत? आयुष्यभर ते मांस खाऊन धूळ धुतली मी. आता फोटोत काय सापडणार तुला? चरबी?" ते हसले आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबेपर्यंत हे-राननं त्यांची पाठ धरून ठेवली. पाठीची हाडं हाताला लागत होती.

त्याच दिवशी ग्वाक सरांचा फोन आला. आवाज थकलेला होता. "काचा पाहिल्या मी. तू म्हणतेस तेच आहे. चाचणी थांबवली."

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणजे खरंच होतं तर ते.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. फोटोचा निकाल यायच्या आधीच यॉम काका दारात हजर झाले. ते बाबांच्या जोडीनं कोळसा फोडायचे. नाकात नळी, मागून चाकांवर प्राणवायूचं नळकांडं.

"दुक-सू दादा, तुझ्या पोरीनं आमच्या तोंडचा घास काढला रे!" ते उंबऱ्यातूनच ओरडले. "नाव लागलं होतं माझं. सोमवारी बोलावलं होतं. आता म्हणतात घरी बसा. बापाला गोळ्या चारल्या आणि आमच्या वेळी नियम आठवले होय?"

"आत ये, बस, मग शिव्या दे," बाबा म्हणाले. "उभ्यानं तुला दम पुरायचा नाही."

हे-रान पुढे झाली. "काका, त्या औषधानं लपलेली गाठ वाढू शकते. तुमच्या छातीत गाठ आहे का ते आधी बघू दे मला."

"आणि बघेपर्यंत मी मेलो तर?"

"तर त्याचा दोष माझाच," ती म्हणाली. "पण न बघता देणार नाही."

आईनं पुढं केलेलं उकडलेल्या बटाट्यांचं ताट यॉम काकांनी ओढून घेतलं आणि ते खाली बसून खाऊ लागले.

बाबांच्या फोटोत डाव्या बाजूला एक ठिपका निघाला. धुळीच्या जुन्या गाठी तर सगळीकडेच होत्या. हा त्यातलाच की वेगळा, हे डॉक्टरांना सांगता येईना. सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला लागलेल्या त्या दिवसांत हे-रान धड जेवली नाही. बाबा झोपले की ती दाराशी उभी राहून त्यांचा श्वास ऐकायची.

निकाल कर्करोगाचा आला. लहान होता आणि पसरलेला नव्हता. पण अशा फुप्फुसावर शस्त्रक्रिया झेपली नसती, म्हणून किरणांनी जाळायचं ठरलं.

घरी आल्यावर आईनं गोळ्यांच्या बाटल्या कपाटातून काढून जमिनीवर मांडल्या आणि त्यांच्यासमोर बसली.

"हे-रान, खरं सांग. माझ्यामुळं झालं का हे?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! हे-रान आईजवळ बसली.

"गाठ आधीचीच असणार, आई. गोळ्यांनी ती वाढली की आपली आपणच वाढली, हे मला माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही."

आईला धीर येईल असं एखादं वाक्य हे-रान शोधत होती, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला.

"अगं, ऐकतेयस का? जन्मभर अंधारात कोळसा फोडून मिळवलेली गाठ आहे ती. माझी कमाई. त्यात तू वाटा कशाला मागतेस?"

आई हसली नाही. पण उठली, बाटल्या कचऱ्यात टाकल्या आणि भात लावायला गेली. मधूनमधून ती ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसत होती.

वसंतात चाचणी पुन्हा सुरू झाली. आता प्रत्येकाच्या छातीचा फोटो आधी निघत होता आणि गाठीची शंका आली तर नाव वगळलं जात होतं. यॉम काकांची छाती त्या बाबतीत साफ निघाली. त्यांना खरं औषध मिळतंय की तुलनेसाठी काहींना देतात ती नुसतीच पिठाची गोळी, हे कुणी सांगत नाही म्हणून ते अजून कुरकुरतात.

बाबांचा ठिपका किरणांनी आकसलाय. तो तसाच राहील का, याची खात्री कुणी देत नाही. तपासणीच्या दिवशी बाबा यंत्राच्या खोलीत जातात, दार बंद होतं, आणि बाहेर बाकावर मायलेकी हात घट्ट धरून बसतात.